खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं: अशा इमारतीच्या पाट्या कशा ठरवायच्या

एखाद्या इमारतीच्या पाट्या जमल्यात की फसल्यात, हे बघायचं असेल तर सरळ लिफ्टपाशी जावं आणि सेलोटेपने चिकटवलेले कागद वाचावेत. ‘दवाखान्यासाठी पलीकडची लिफ्ट’, ‘ही लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी’, ‘क्लासची मुलं इथे बसू नयेत’. डिझायनरने जी उत्तरं दिली नाहीत, ती वॉचमनने आणि सेक्रेटरीने आपापल्या अक्षरात देऊन टाकलेली असतात. पुणेरी पाटीच्या तिरकसपणाचं आपण फार कौतुक करतो, पण तिच्यामागे बहुतेकदा एकच कारण असतं: तोच प्रश्न रोज विचारून लोकांनी कुणाचं तरी डोकं खाल्लेलं असतं.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही रचना आपल्याकडे जुनीच. गिरगावात, दादरला, पुण्यात लक्ष्मी रोडला पिढ्यान् पिढ्या तशीच वस्ती आहे. पण तिथे जिना एक आणि विचारायला खाली दुकानदार. आता बाणेरला किंवा घोडबंदर रोडला जी इमारत उभी राहते, तिला दोन बेसमेंट, एक पोडियम (टॉवरखालचा रुंद चौथऱ्यासारखा भाग), तीन-चार दारं आणि वेगवेगळ्या लिफ्ट असतात, आणि विचारायला कुणी नसतं. अशा इमारतीचं काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्या डिझायनरसाठी, आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या नव्या मुलामुलींसाठी आणि सोसायटीच्या कमिटीत ओढल्या गेलेल्यांसाठी हे टिपण आहे. यात लोगो आणि रंग बरेच उशिरा येतील. आधी नावं आणि आकडे ठरवायचे असतात. ते ठरले नाहीत तर सुंदर पाटीसुद्धा चुकीच्याच जागी पाठवते.

आधी कोण येतं ते लिहून काढा

आपण एक नमुना इमारत धरू. नाव ‘कदंब’. तळमजल्यावर मेडिकल, बँक, बेकरी. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, क्लास. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत ऑफिसं. त्यावर दोन विंगमध्ये घरं. खाली दोन बेसमेंट.

इथे येणाऱ्यांची यादी करा, आणि ‘व्हिजिटर’ असा एकच शब्द लिहून मोकळे होऊ नका. सकाळी साडेसातला उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले आजोबा. दहा मिनिटांत पार्सल पोचवायचं असलेला डिलिव्हरीवाला. इंटरव्ह्यूला आलेली मुलगी. रात्री दोनला आलेली ॲम्ब्युलन्स. बाराव्या मजल्यावर राहणारी बाई, जिला पाटीची गरज नाही पण आपल्या लिफ्टमध्ये अनोळखी गर्दी नको आहे. प्रत्येकाचा रस्ता प्लॅनवर वेगळ्या रंगाच्या पेनने काढा. जिथे रस्ते फुटतात तिथे माणूस थबकतो. पाटी तिथे हवी, किंबहुना त्याच्या दोन पावलं आधी. सरळ, एकाच दिशेच्या पॅसेजमध्ये पाट्यांची रांग लावण्यात काही हशील नाही.

इमारत वापरात असेल तर तासभर वॉचमनशेजारी खुर्ची टाकून बसा. लोक काय विचारतात आणि तो काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘लॅब? मागनं जा, बेकरीच्या बाजूनं, काचेचा दरवाजा.’ यात खूण आहे, दिशा आहे, दाराचं वर्णन आहे. तुमच्या पाट्यांचा पहिला कच्चा खर्डा हाच.

मजल्यांचे आकडे: इथेच खरा घोळ होतो

आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये एक क्रम, लिफ्ट कंपनीच्या बटणांवर दुसरा, बिल्डरच्या ब्रोशरमध्ये तिसरा, आणि फ्लॅटच्या दारावर चौथा. हे अजिबात दुर्मिळ नाही. ‘पी वन’ म्हणजे पहिलं पार्किंग की पहिला पोडियम? लोअर ग्राउंड रस्त्याच्या पुढच्या बाजूने तळघर आणि मागच्या उताराकडून तळमजला असेल, तर त्याला म्हणायचं काय? काही बिल्डर तेरावा मजला गाळून बारानंतर थेट चौदावर उडी मारतात. विक्रीच्या दृष्टीने ते ठीक असेल, पण आग लागल्यावर खालून खिडक्या मोजणाऱ्या जवानाला तो मजला सापडत नाही.

त्यामुळे पाटीचं पहिलं डिझाइन काढण्याआधी एक तक्ता करा. डावीकडे इमारतीचा उभा छेद, आणि प्रत्येक पातळीसमोर चार रकाने: ड्रॉइंगमधलं नाव, लिफ्टचं बटण, युनिटच्या क्रमांकाची सुरुवात, पाटीवर येणारं नाव. शेवटचे तीन जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर बिल्डर, आर्किटेक्ट आणि लिफ्टवाला यांना एका टेबलाशी बसवा आणि एकच क्रम लेखी घ्या. लिफ्टचं पॅनल ऑर्डर होण्याआधी हे झालं तर फुकटात होतं. नंतर बटणं बदलायला कुणी तयार होत नाही आणि तुमच्या पाटीलाच खुलासा करत बसावं लागतं.

विंगचंही तसंच. घरांच्या दोन विंगना ‘ए’ आणि ‘बी’ म्हटलं असेल, तर ऑफिसांच्या भागाला ‘सी’ म्हणू नका. ‘कदंब ऑफिसेस’, ‘कदंब घरं’, ‘कदंब बाजार’ असं काहीही चालेल, पण जात वेगळी दिसली पाहिजे. दारांनाही क्रमांक द्या: दार १, दार २, दार ३. ‘मागचं गेट’ हे कुठून बघता त्यावर ठरतं. दार ३ कुठूनही दार ३ असतं, आणि मोबाईलवरच्या नकाशात, कुरिअरच्या पत्त्यात, दवाखान्याच्या मेसेजमध्ये ते जसंच्या तसं उतरवता येतं.

ओळख म्हणजे लोगो इतकंच धरू नका

क्लायंट पहिल्या मीटिंगला लोगो मागतो. कदंब म्हटल्यावर कदंबाचं फूल, ते सोनेरी, आणि शक्य असेल तर लॉबीत चार फुटांचं. द्या, त्याला आनंद होऊ दे. पण या इमारतीत लोकांना रोज दिसणार आहेत ते आकडे, बाण आणि रंग. माझं मत असं की आकड्यांवर वेळ घालवावा. लिफ्टचं दार उघडल्यावर समोरच्या भिंतीवर मजल्याचा भलामोठा आकडा, त्याच वळणाचा आकडा जिन्यात, तोच पार्किंगच्या खांबावर. एवढी एकच गोष्ट नीट केली तरी इमारतीला चेहरा येतो.

आकडे कोणत्या लिपीत? लिफ्टच्या बटणांवर आंतरराष्ट्रीय अंक असतील तर मोठा आकडा तोच ठेवावा आणि खाली ‘चौथा मजला’ असं मराठीत लिहावं. डिलिव्हरीवाला ओडिशाचा असू शकतो, त्याला बटणावरचं चिन्ह आणि भिंतीवरचं चिन्ह एकच दिसलं पाहिजे.

रंग तीनच पुरेत: बाजार, ऑफिस, घर. चौथा रंग आला की कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि केवळ रंगावर कधीच विसंबू नका, कारण लाल-हिरवा वेगळा न दिसणारी माणसं असतात आणि बेसमेंटच्या उजेडात निळा नि जांभळा सारखेच दिसतात. रंगासोबत शब्द किंवा अक्षर हवंच. लंडनच्या बार्बिकनमध्ये, जिथे घरं आणि कलाकेंद्र एकाच अवाढव्य संकुलात आहेत, लोक इतके हरवत की उंच पायवाटांवर पिवळी रेघ काढावी लागली. ती रेघ आता त्या जागेची ओळख बनली आहे, तरी मुळात ती डागडुजीच.

चिन्हं नव्याने काढण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. स्वच्छतागृह, लिफ्ट, जिना यांसाठी अमेरिकेत १९७४ साली विमानतळ-स्थानकांकरता तयार केलेला चिन्हांचा संच आहे. तो सर्वांना मोफत वापरता येतो आणि लोकांच्या डोळ्यांना सवयीचा आहे. स्त्री-पुरुषांसाठी नथ आणि मिशी वगैरे कल्पकता दाखवली की घाईत आलेला माणूस दारापाशी घुटमळतो.

आता देवनागरी. इंग्रजी फॉन्ट आवडला म्हणून घेतला आणि मराठीसाठी कॉम्प्युटर देईल ते लावलं, असं करू नका. दोन्ही लिप्या एकत्र आखलेले फॉन्ट मिळतात आणि त्यांतले बरेच मोफत आहेत. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, गूगलचा नोटो सान्स देवनागरी. निवडताना ‘ळ’, ‘ऱ्य’, ‘श्र’, ‘क्ष’ आणि ‘र्किं’ छापून बघा. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात. अनेक फॉन्टमध्ये ती आत दडलेली असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडल्यावरच बाहेर येतात. नेहमीच्या माणसाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण पाटी परकी वाटते.

यादी, माप, उंची

सगळ्या पाट्या एका एक्सेल शीटमध्ये येतात: क्रमांक, जागा, प्रकार, पुढचा मजकूर, मागचा मजकूर, बाण, माप, वीज लागते का. कंटाळवाणं काम आहे आणि टाळता येत नाही. प्लॅनवर तेच क्रमांक टाका. मजकूर दोघांकडून तपासून घ्या, त्यातला एकजण इमारतीशी संबंध नसलेला असावा.

अक्षराच्या उंचीचा ढोबळ हिशेब असा: २५ मिमी उंचीचं अक्षर ७-८ मीटरवरून आरामात वाचता येतं. पंधरा मीटरवरून वाचायचं असेल तर दुप्पट करा, चालत्या गाडीतून वाचायचं असेल तर त्याहूनही वाढवा. देवनागरीची उंची मोजताना शिरोरेघेपासून ‘क’च्या पायापर्यंत मोजा. वेलांटी, रफार, अनुस्वार वर जातात आणि उकार खाली येतात, म्हणून दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा मोकळं ठेवावं लागतं. इंग्रजीच्या आखणीत मराठी कोंबली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो.

टांगलेल्या पाटीखाली किमान २.१ मीटर मोकळी उंची हवी. बेसमेंटमध्ये बीम, स्प्रिंकलरचे पाइप आणि डक्ट यांच्यामागे पाटी लपते, तेव्हा सर्व्हिसेसचं ड्रॉइंग मागून घ्या. आणि खांबावरचा क्रमांक चारही बाजूंना, छातीच्या उंचीच्या वर. खाली लावला की उभ्या गाड्या तो झाकतात.

बाणाबद्दल एकच: वर जाणारा बाण म्हणजे ‘सरळ पुढे’. जिना चढायचा असेल तर जिन्याचं चिन्ह सोबत लावा. डावीकडचा बाण मजकुराच्या डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे.

नकाशा लावणार असाल तर तो बघणाऱ्याच्या तोंडासमोरची दिशा वर ठेवून लावा. उत्तर दिशा वर हा नियम कागदावर ठीक आहे. भिंतीवर तो लोकांना मान वाकडी करायला लावतो. याचा अर्थ प्रत्येक जागेचा नकाशा वेगळा फिरवून छापायचा. पाट्या बनवणारा फॅब्रिकेटर एकच फाइल सगळीकडे वापरायला बघेल, लक्ष ठेवा.

दुकानांच्या पाट्या आणि वरच्या मजल्यावरची झोप

महाराष्ट्रातला कायदा आधी. दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर छोट्या-मोठ्या सगळ्या दुकानांचा नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणं बंधनकारक आहे. दुसरी भाषा वापरता येते, पण मराठी अक्षरं सुरुवातीला हवीत आणि त्यांचा आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना आधी जी पळवाट होती ती यात बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले, तेव्हा घाईघाईत लागलेले फ्लेक्स अजूनही काही ठिकाणी दिसतात. तुमच्या आखणीत ही जागा पहिल्यापासून धरली तर मराठी नाव नंतर डकवल्यासारखं दिसत नाही.

दुकानांसाठी दर्शनी भागावर एकच पट्टा आखा. सगळ्यांना सारखी उंची, सारखी वरची रेघ, पाठीमागचा रंग इमारतीचा, अक्षरं दुकानाची. बँक म्हणेल आमचा निळा पूर्ण पट्टाभर लागतो. अक्षरांना आणि चिन्हाला त्यांचा रंग द्या, पट्टा देऊ नका. एकाला दिला की बेकरीवाला पिवळा घेऊन येतोच. हे सगळं सात-आठ पानांच्या मार्गदर्शिकेत लिहून गाळ्याच्या करारनाम्याला जोडायला सांगा. करारात नसेल तर नंतर कमिटीकडे विनंती करण्यापलीकडे काही उरत नाही.

उजेडाची गोष्ट दुकानदार आणि रहिवासी यांच्यातल्या भांडणाचं मूळ असते. पांढऱ्याफेक एलईडीचा झोत पट्ट्याच्या वरच्या कडेतून निसटून घराच्या बेडरूमच्या छतावर पडतो. तेव्हा पाच नियम लिहा: उजेड अक्षराच्या आत किंवा मागे, वरच्या बाजूने बंद, ४,००० केल्विनच्या आसपासचा (फार निळसर नसलेला पांढरा) रंग, लुकलुकणारं किंवा धावणारं काही नाही, आणि एक सामाईक टायमर. मेडिकल रात्रभर उघडं असेल तर त्याला सूट, बाकी सगळे ठरल्या वेळी बंद.

गच्चीवर किंवा दर्शनी भिंतीवर मोठी अक्षरं उभी करायची तर महापालिकेची परवानगी बघा. आकाशचिन्हं आणि जाहिरातींसाठी मुंबईत १८८८ च्या कायद्याची आणि राज्यातल्या बाकीच्या महापालिकांत १९४९ च्या कायद्याची तरतूद आहे. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. वारा पाटीला किती जोराने ढकलतो याचा हिशेब डिझायनरचा नाही. तो स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून सहीनिशी घ्यायचा.

जिथे कल्पकता चालत नाही

बाहेर पडण्याच्या पाट्या, फायर एक्स्टिंग्विशर, रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी सुटका होईपर्यंत थांबायची जागा), ‘आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नका’. हिरव्या पाटीवरचा धावणारा माणूस तसाच ठेवा, तुमच्या सोनेरी फुलाच्या रंगात रंगवू नका. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ आणि अग्निशमन दलाच्या अटी फायर कन्सल्टंटकडून लेखी घ्या आणि त्यांच्या पाट्यांचे क्रमांक तुमच्याच शीटमध्ये टाका, नाहीतर एकाच भिंतीवर दोन कंत्राटदार दोन पाट्या लावून जातात.

हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे जिन्याची आतली बाजू. धुरात जिन्याने उतरणाऱ्याला आपण कितव्या मजल्यावर आहोत आणि बाहेरचं दार कोणत्या पातळीला आहे हे कळलं पाहिजे. बेसमेंटपर्यंत जाणाऱ्या जिन्यात लोक तळमजला ओलांडून खाली जातात. तळमजल्याच्या लँडिंगवर मोठ्या अक्षरात ‘बाहेर’ लिहा.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा, आणि त्यावर केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती उघडून वाचा. नवख्यासाठी लगेच करण्यासारखं: खोलीची पाटी दारावर न लावता कडीच्या बाजूच्या भिंतीवर, साधारण १,४०० ते १,६०० मिमी उंचीला; अक्षरं उठावाची, खाली ब्रेल. दारावर लावली की वाचणाऱ्याच्या हातात दार उघडतं. पाटीचा फोटो काढून मोबाईलवर कृष्णधवल करा. अक्षरं पार्श्वभूमीत विरघळली तर रंगजोडी बाद. ब्रश्ड स्टीलवर कोरलेली करडी अक्षरं कॅटलॉगमध्ये देखणी दिसतात, पण या परीक्षेत हटकून नापास होतात.

फॅब्रिकेटरकडे जाताना

फाइल पाठवण्याआधी सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकारांत, बदला. फॅब्रिकेटरकडे जुनं कोरल ड्रॉ आणि जुने फॉन्ट असतात. युनिकोडचा मजकूर तिथे उघडला की ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते आणि जोडाक्षरं सुटी होतात. पीडीएफही जोडा, म्हणजे ताडून बघायला मूळ राहतं.

कापून काढलेल्या अक्षरांचं गणित देवनागरीत वेगळं आहे. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं. आपल्याकडे शिरोरेघेमुळे अख्खा शब्द एकसंध तुकडा होतो, आणि अनुस्वाराचा ठिपका मात्र अधांतरी. तो वेगळा चिकटवतात, दोन पावसाळ्यांत तो पडतो आणि ‘पार्किंग’चं ‘पार्किग’ होतं. म्हणून ठिपक्याला मागून पिन द्यायला सांगा किंवा पूर्ण शब्दामागे पातळ पाठ ठेवा. एलईडीच्या अक्षरांत रेघ बारीक असेल तर आत मॉड्यूल मावत नाही आणि ‘क्ष’च्या पोटात अंधार राहतो, त्यासाठी जाड वळणाचा फॉन्ट आणि मोठं माप.

भाव विचारताना एक लक्षात ठेवा: बोर्डाचा भाव चौरस फुटाला मिळतो, सुट्या अक्षरांचा बहुधा उंचीच्या इंचाला. एकाने एक, दुसऱ्याने दुसरा धरला तर तुलना होत नाही. तुमच्याच शीटमध्ये भावाचा रिकामा रकाना देऊन सगळ्यांकडून तेच भरून घ्या. एसीपीची (अ‍ॅल्युमिनियमच्या थरांच्या शीटची) जाडी, अ‍ॅक्रिलिकची जाडी, फ्रेम एमएसची (साध्या स्टीलची) की अ‍ॅल्युमिनियमची, पावडर कोटिंग आहे की नुसता रंग, हे लिहिलं नसेल तर सर्वांत स्वस्त तेच येणार. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत बाहेरचं स्टेनलेस स्टील ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचं घ्यावं, ते कमी गंजतं.

वीज लागणाऱ्या पाट्यांचे पॉइंट प्लास्टर आणि फॉल्स सीलिंगच्या आधी द्यायचे असतात. उशीर झाला की भिंतीवरून पांढरी केसिंग पट्टी धावते आणि सगळं मुसळ केरात. बाहेरच्या पाट्या क्लॅडिंगवर (भिंतीवरच्या वरवरच्या आवरणावर) टांगू नका, मागच्या स्ट्रक्चरला अँकर करा आणि प्रत्येक भोक सील झालंय का ते पावसाआधी बघा.

कागदावर लावून पाहा, मग बनवा

महत्त्वाच्या दहाबारा पाट्या खऱ्या मापात साध्या कागदावर छापून जागेवर चिकटवा. मग इमारत न पाहिलेल्या कुणाला तरी बोलवा, ‘दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये जायचंय’ एवढंच सांगा आणि मागून गप्प चाला. जिथे तो थांबेल, मागे वळेल किंवा तुमच्याकडे बघेल तिथे खूण करा. मदत करायचा मोह आवरा. एखाद्या ज्येष्ठ माणसालाही असंच चालवून बघा, चष्मा विसरून आलेला असेल तर उत्तमच. मजकूर आणि जागा आता बदला, कागदाला खर्च नाही.

डिरेक्टरी बोर्ड सर्वांत लवकर शिळा होतो. क्लास बंद पडतो, दंतवैद्य जागा बदलतात. प्रत्येक नावाची पट्टी सुटी काढता येईल अशी करा, दहा-पंधरा कोऱ्या पट्ट्या जास्तीच्या घ्या, आणि नवी पट्टी कुठे, कोणत्या फॉन्टमध्ये, कोण छापणार हे हँडओव्हरच्या फाइलमध्ये लिहा. त्याच फाइलमध्ये उघडी (बदल करता येणारी) फाइल, कर्व्हची फाइल, रंगांचे क्रमांक, फॅब्रिकेटरची हमी आणि प्रत्येक एसएमपीएस (एलईडीला वीज पुरवणारा डबा) कुठल्या झाकणामागे आहे त्याचा फोटो. ही फाइल बिल्डरच्या ऑफिसात राहिली तर सोसायटीला कधीच मिळत नाही, तेव्हा एक प्रत मॅनेजरला आणि एक सेक्रेटरीला, दोघांचीही पोच घेऊन.